जाळ्यात अडकलेली सिंगल: तापीच्या फुगवट्यावरचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलं आहे. यातला रोइंगचा (वल्ह्यांच्या शर्यती बोटींचा) क्लब, मुलगी, कोच आणि घटनाक्रम काल्पनिक आहेत. पाणी, ऋतू, मासेमारीची जाळी, काठावरच्या मोटरी आणि बोटीचे भाग मात्र खरे आहेत. जागा हतनूर धरणाच्या फुगवट्यासारखी धरली आहे, म्हणजे तापी-पूर्णा संगमाच्या परिसरातलं रुंद, गाळानं उथळ होत चाललेलं पाणी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कलमध्ये (एकट्यानं दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीत) तेरावा आला, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत क्वाडच्या (चौघांच्या बोटीच्या) सुवर्णपदकात त्याचा वाटा होता. तेव्हापासून आपल्याकडची मुलं सिंगलचं नाव काढतात. दत्तू तयार झाला तो पुण्याच्या लष्करी रोइंग केंद्रात, जिथे लाँच (सोबत फिरणारी मोटरबोट), नोंद, तपासणी या गोष्टी शिस्तीनं होतात. जिल्ह्यात दोन-चार जुन्या बोटी घेऊन सुरू होणाऱ्या क्लबला ही व्यवस्था स्वतः उभी करावी लागते, आणि ती अर्धवट राहिली तर काय होतं ते पुढे दिसेल.

त्या सकाळी

मार्चचा शेवटचा आठवडा. पाण्यावर चार सिंगल, एक डबल (दोघांची बोट) आणि एक लाँच. लाँच म्हणजे ८ हॉर्सपॉवरच्या इंजिनाची सपाट तळाची बोट, तिच्यात कोच एकटे. काठावर जबाबदार माणूस कुणीच नव्हतं. वारा जेमतेम, पाणी काचेसारखं सपाट. ६.१५ला बोटी घाटावरून सुटल्या. वेगवान वल्हवणारे पुढे निघाले, दोन नवखी मुलं मागे राहिली. कोच त्या नवख्यांबरोबर थांबले.

पंधरा वर्षांची एक मुलगी तिसऱ्या सिंगलमध्ये होती. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पूर्वेकडे, ती चालली होती. ६.४८ला घाटापासून साधारण १४०० मीटरवर बोट मागून कुणी धरल्यासारखी थांबली. तिनं वळून पाहिलं, वळताना उजव्या हातातली वल्ह्याची मूठ सुटली आणि बोट त्याच बाजूला उलटली. डावा पाय बोटीला बसवलेल्या बुटातून लगेच निघाला नाही. काही सेकंद ती पाण्याखाली एका पायानं लटकलेली होती. वेल्क्रो सैल असल्यानं पाय सुटला, ती वर आली आणि बोटीला धरून राहिली.

पुढच्या सिंगलमधल्या मुलानं हे पाहिलं. त्याच्याकडे शिट्टी नव्हती. तो ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात लाँचपर्यंत काही पोचलं नाही. त्यानं बोट वळवून हात हलवले, तेव्हा ६.५२ झाले होते. कोच ७०० मीटरवरून सरळ रेषेत निघाले आणि ६.५४ला त्याच जाळ्यावर चढले. जाळं पंख्याला गुंडाळलं, इंजिन बंद पडलं. लाँचमध्ये सुरी नव्हती, चप्पू नव्हता. मुलगी ४० मीटरवर दिसत होती, पण तिच्यापर्यंत जायला साधन नव्हतं. शेवटी जाळं उचलायला आलेला एक मच्छीमार डोंगी घेऊन पोचला. ‘नाव सोडू नको बरं माय, आलोच मी,’ एवढंच तो लांबून म्हणत राहिला, आणि ते अगदी बरोबर सांगणं होतं. ७.०३ला त्यानं तिला डोंगीच्या मागच्या बाजूनं आत घेतलं.

७.२०ला सगळे काठावर आले, तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘डबल कुठंय?’ उत्तर कुणाकडेच नव्हतं. डबलमधली दोघं वळणापलीकडे गेली होती आणि ८.०५ला आपणहून परतली. त्या पाऊण तासात त्यांचं काही झालं असतं, तर क्लबला कळायला कोणताच मार्ग नव्हता. या प्रकरणातली आम्हाला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट हीच आहे. मुलगी निदान कुणाला तरी दिसली होती.

जाळं का दिसलं नाही

स्कलिंगमध्ये वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. आठ जणांच्या बोटीत निदान कॉक्सवेन (बोटीला दिशा देणारा) समोर पाहत असतो, सिंगलमध्ये कुणीच पाहत नाही. म्हणून दर पाच-सहा वल्ह्यांनी खांद्यावरून मागे नजर टाकायची, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, हा पहिला धडा. मुलगी तो पाळत होती. पण मार्च अखेरीला जळगाव भागात सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो. पावणेसातला तो पाण्याच्या अगदी लगत असतो. पूर्वेकडे जाणाऱ्यानं खांद्यावरून पाहिलं की समोर सूर्य आणि पाण्यावरची त्याची झळाळी. त्यात थर्मोकोलचे पांढरे तुकडे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, म्हणजे जाळ्याची तरंगं, दिसणं अशक्य. याच जाळ्यावरून ती परतीला, पश्चिमेकडे जाताना आली असती, तर तरंगं स्वच्छ दिसली असती.

दुसरं कारण वेळेचं. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतात आणि सकाळी उचलतात. क्लब पाण्यात उतरतो तो नेमका जाळी अजून पाण्यात असण्याच्या वेळी. जाळ्याचा वरचा दोर पाण्याच्या पृष्ठभागाला लागून असतो. सिंगलच्या मागच्या भागात तळाला जी फिन (पातळ उभी पट्टी) असते, ती सात-आठ सेंटिमीटर खाली जाते, तेवढं दोर पकडायला पुरतं. बोटीचा पुढचा भाग दोरावरून सहज सरकतो, वल्हवणाऱ्याला काही जाणवत नाही, आणि मग दोर फिनच्या पुढच्या कडेला अडकतो. बोट एकदम थांबते, शरीर मात्र सरकत्या सीटवर चालत राहतं.

अशा वेळी काय करायचं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वल्ह्यांची दोन्ही पाती पाण्यावर सपाट टेकवायची, दोन्ही मुठी पोटाजवळ एकत्र, एकाच उंचीवर धरायच्या. सिंगल जेमतेम फूटभर रुंद असते. तिला उभं ठेवतात ती दोन बाजूंची वल्ही. मूठ सुटली की आधार गेला. म्हणून मागे वळून पाहायचं तर आधी दोन्ही मुठी एका हातात घ्यायच्या. मग पाती उलटी दाबून एक-दोन वल्ही मागे जायचं. दोर पुढच्या कडेला अडकलेला असतो, बोट मागे सरकली की तो बहुतेक वेळा आपसूक सुटतो. नाही सुटला तर तसंच बसून शिट्टी वाजवायची. फिनकडे हात घालायला वाकायचं नाही.

बूट

बोटीतले बूट फूटस्ट्रेचरला (पाय टेकवायच्या फळीला) पंजाकडून घट्ट बसवलेले असतात, टाच मोकळी उचलते. बोट उलटल्यावर पाय ओढला की बूटही टाचेकडून वर येतो आणि पायाबरोबरच वाकतो, पाय सुटत नाही. म्हणून प्रत्येक टाचेला स्वतंत्र दोरी बांधून ती स्ट्रेचरला अडकवतात. दोरीची लांबी अशी की टाच पाच सेंटिमीटरपेक्षा, साधारण तीन बोटांपेक्षा, वर उचलू नये. टाच खाली रोखली गेली की पाय बुटातून घसरून बाहेर येतो.

या सिंगलच्या डाव्या बुटाची दोरी आठवडाभर आधी तुटली होती. वहीत ‘डावा बूट, दोरी’ अशी नोंदही होती. नोंद करणाऱ्यानं आपलं काम केलं, पण नोंद झालेली बोट पाण्यात जाऊ नये ही जबाबदारी कुणाचीच नव्हती. नादुरुस्त बोटीच्या रिगरला (वल्हं पेलणाऱ्या बाहेरच्या चौकटीला) लाल कापड बांधायचं आणि ते बोटप्रमुखाशिवाय कुणी सोडायचं नाही, हा नियम त्यानंतर झाला. वही कपाटात असते, कापड डोळ्यासमोर असतं.

दोरीसाठी तीन-चार मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्यावी. सुतळी पाण्यानं कुजते, इलेक्ट्रिकची चिकटपट्टी उन्हानं सुटते, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात शेडमध्येही ती टिकत नाही. दोन्ही बुटांच्या वेल्क्रो पट्ट्या एका दोरीनं जोडाव्यात, म्हणजे मधली दोरी एका हातानं ओढली की दोन्ही बूट उघडतात. तपासणी रोज, पाण्यात उतरण्याआधी, ज्याची बोट त्यानं: टाच हातानं वर ओढून पाहायची.

त्याच दोन मिनिटांत बाकीचंही पाहून होतं. बोटीच्या पुढच्या टोकावरचा रबरी चेंडू घट्ट आहे ना (त्याचा व्यास किमान चार सेंटिमीटर असावा, तो नसेल तर बोटीचं टोक दुसऱ्याच्या पाठीत भाल्यासारखं घुसतं). हवाबंद कप्प्यांची झाकणं बसली आहेत ना. गेटचे (वल्हं अडकवायच्या खोबणीचे) स्क्रू आवळलेत ना. जुनी बोट विकत घेताना एक चाचणी जरूर करावी: कमरेएवढ्या पाण्यात मधला भाग पूर्ण भरायचा आणि वल्हवणाऱ्याला बसवायचं. सीटचा वरचा भाग पाण्याखाली पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त जात असेल, तर ती बोट उलटल्यावर आधार देणार नाही.

लाँच

लाँच गेली म्हणजे मदत पोचली असं नसतं. हे जाळ्याचं पाणी आहे, आणि जिथे सिंगल अडकते तिथे पंखाही अडकणारच. आता ठरलेली पद्धत अशी आहे: उलटलेल्या बोटीच्या मागून नाही, तर ती ज्या बाजूनं आली त्याच्या आडव्या दिशेनं, तरंगं शोधत यायचं. शेवटच्या १० मीटरला इंजिन बंद करून वर उचलायचं आणि चप्पूनं जवळ जायचं. पाण्यातल्या माणसाजवळ चालू पंखा कधीच न्यायचा नाही, जाळं असो वा नसो. आधी दोर फेकायचा, मग माणूस आत घ्यायचा, बोट सगळ्यात शेवटी.

लाँचमध्ये दोन चप्पू, १५ ते २० मीटरचा फेकदोर, दातेरी सुरी (बोटीलाच दोरीनं बांधलेली, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात सापडते), पाण्यात पडणाऱ्या प्रत्येकासाठी एक लाइफ जॅकेट, भोंगा, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी आणि जलरोधक पिशवीतला फोन. कोचनं स्वतः लाइफ जॅकेट घालायचं आणि इंजिनाची सुरक्षा-दोरी मनगटाला अडकवायची. कोच पाण्यात पडला आणि लाँच मोकळी गोल फिरत राहिली, तर ती पाण्यातल्या सगळ्यांना धोका असते.

एका लाँचमागे जास्तीत जास्त चार सिंगल, आणि सगळ्यात पुढची व सगळ्यात मागची बोट यांत ३०० मीटरहून जास्त अंतर नको. नवखी आणि वेगवान मुलं एकाच वेळी सोडायची असतील तर वेगवान मुलांनी ठरावीक खुणेवर थांबून वळायचं. कोचना हे जाचक वाटतं, कारण चांगल्या वल्हवणाऱ्याचा सराव तुटतो. तो तुटू द्यावा. ७०० मीटरवरची लाँच नसल्यातच जमा असते.

काठावरचा माणूस आणि फळा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी सोय ही. घाटावर एक फळा. त्यावर बोट, नावं, निघाल्याची वेळ, कुठवर जाणार, परतायची वेळ. परतल्यावर ज्याचं त्यानं पुसायचं नाही, काठावरच्या माणसानं बोट रॅकवर पाहून पुसायचं. परतायच्या वेळेनंतर १५ मिनिटं झाली की तो लाँचला फोन करतो, ३० मिनिटांनी शोध सुरू. हा माणूस पालक असला तरी चालतो, वल्हवता आलं पाहिजे असं नाही. त्याला फळा वाचता यावा, दुर्बीण धरता यावी आणि कोचला ‘आज नको’ म्हणायचा अधिकार असावा. तो अधिकार लेखी द्यावा, कारण सरांना तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे कुणालाच सोपं जात नाही.

फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात रंगानं लिहिलेलं असावं: १०८ रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन, आणि घाटापर्यंत यायचा रस्ता चार ओळींत. घाबरलेला माणूस फोनवर ‘धरणाजवळ’ एवढंच सांगतो, आणि जलाशयाला काठ मैलोन् मैल असतो.

बुडालेल्या माणसाला पोटातलं पाणी काढायचं म्हणून उलटं धरणं किंवा पोट दाबणं ही सवय काठावरच्या प्रत्येक गावात आहे. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. पाणी नाकातोंडात गेलेला माणूस बरा दिसला तरी त्याला दवाखान्यात दाखवायचंच. या मुलीलाही दुपारपर्यंत देखरेखीखाली ठेवलं.

मच्छीमारांशी बोलणी

क्लबमधल्या काहींचं पहिलं म्हणणं होतं, धरणाच्या कचेरीत अर्ज देऊन जाळी बंद करून घ्यावी. आम्हाला ते चुकीचं वाटतं. जलाशयातली मासेमारी सहकारी संस्थांच्या हक्काची असते, त्यावर घरं चालतात, आणि मुलीला बाहेर काढलं ते मच्छीमारानंच. क्लब त्या पाण्यावर पाहुणा आहे.

ठरलं ते असं. घाटापासून २ किलोमीटर लांब आणि ६० मीटर रुंद पट्टा, उत्तर काठाला धरून. त्या पट्ट्यात सोमवार ते शनिवार सकाळी ६.३० ते ८.३० जाळं नाही. रविवारी क्लब पट्टा वापरणार नाही. पट्ट्याबाहेर लावलेल्या जाळ्याच्या दोन्ही टोकांना क्लबनं दिलेले नारिंगी रंगाचे रिकामे पाच लिटरचे डबे. बोटीमुळे जाळं फाटलं तर त्याच दिवशी भरपाई, वाद नाही. शिवाय निघण्याची वेळ ६.१५ वरून ६.४५ केली, म्हणजे सूर्य थोडा वर येतो आणि राहिलेली जाळीही उचलली जातात. एप्रिल-मेमध्ये सूर्योदय आधी होतो, तेव्हा संस्थेला विचारून दोन्ही वेळा अर्धा तास अलीकडे येतात. मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा साडेआठला बोटी रॅकवर हव्यातच.

पट्ट्यात फिरायची दिशा एकच: प्रत्येकानं आपल्या जायच्या दिशेच्या उजव्या अंगानं. वल्हवणारा उलटा बसलेला असल्यानं ही बाजू त्याच्या डाव्या हाताला येते. नवख्यांची गफलत नेहमी इथेच होते, म्हणून डाव्या रिगरला हिरवी फीत बांधतात आणि सांगतात, ‘हिरवं बाहेरच्या बाजूला.’ ओलांडणं आणि वळणं फक्त दोन खुणांवर, थांबून, मागे पाहून.

मोटरी, गाळ, वारा

फुगवट्याच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटरी असतात. पाणी उतरत गेलं की मोटर पुढे सरकवतात, केबल कधी पाण्यावर लोंबते, कधी पाण्याखाली असते, जोड कधी उघडे असतात. कार्बन फायबरमधून वीज वाहते, आणि वल्हं तसंच बोटीचं आवरण बहुतेक वेळा कार्बनचं असतं. मोटरीपासून ३० मीटर दूर, आणि केबलला वल्ह्यानं कधीही ढोसायचं नाही.

वाऱ्याचा नियम साधा ठेवला आहे: पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की सिंगल बाहेर. नवख्यांसाठी त्याच्याही आधी, काठावरच्या निशाणाचं कापड ताठ झालं की. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटतं, त्या वेळी सराव मुळातच ठेवायचा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप काठावरच्या माणसाच्या फोनमध्ये हवंच. पावसाळ्यात सराव बंद. वर पूर्णा-तापीच्या खोऱ्यात पाऊस झाला की हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात, आणि त्या ओढीसमोर वल्ह्याचा उपयोग नाही.

लाइफ जॅकेटचा वाद

पालकांची मागणी सरळ होती: सगळ्यांना जॅकेट. कोचचं म्हणणं, जगभर स्पर्धेत सिंगलवाले जॅकेट घालत नाहीत, कारण जाड जॅकेट मुठींच्या आड येतं आणि त्यानंच बोट कलंडते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आमचा कौल असा: पोहण्याची आणि उलटण्याची परीक्षा होईपर्यंत पातळ तरंगणारं जॅकेट सक्तीचं. परीक्षा झाल्यावर कमरेला बांधायचा, दोरी ओढून फुगवायचा पट्टा. आपोआप फुगणारा नको, तो शिंतोड्यांनीही फुगतो आणि उलटलेल्या बोटीखाली असताना माणसाला वर दाबून ठेवतो. शिट्टी गळ्यात, प्रत्येकाच्या, अपवाद नाही.

परीक्षा म्हणजे कपड्यांसह ५० मीटर पोहणं, दोन मिनिटं जागच्या जागी तरंगणं, पाण्याखालून पाच मीटर जाणं. मग तलावात छातीएवढ्या पाण्यात, शेजारी एक जण उभा असताना, बोट मुद्दाम उलटवायची: दोरी ओढून बूट उघडायचे, वर यायचं, बोटीला धरायचं. पुन्हा चढताना बोट सरळ करून दोन्ही वल्ही बोटीला काटकोनात आणायची, मुठी एका हातात धरायच्या, दुसरा हात पलीकडच्या कडेवर, पाय जोरात मारून पोट बोटीवर घ्यायचं, मग वळून बसायचं. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथा करायचा नाही. उलट्या बोटीवर पालथं पडून मदतीची वाट पाहायची. थकलेला माणूस बोट सोडून काठाकडे पोहत निघतो, आणि पाण्यावरून काठ नेहमी असतो त्यापेक्षा जवळ दिसतो.

ती मुलगी आधी डबलमध्ये परतली, ही परीक्षा झाल्यावर सिंगलमध्ये, सुरुवातीला लाँच ५० मीटरवर ठेवून. पट्ट्याची हद्द दाखवणाऱ्या बांबूंचं काम मात्र अजून कुणाच्या नावावर नाही. पाणी दर आठवड्याला मागे सरकतं, गाळपेराची जमीन उघडी पडते, काल चार फूट पाणी होतं तिथे फिन गाळात रुतते. बांबू दर रविवारी आत सरकवावे लागतात, खोली काठीनं मोजून, किमान एक मीटर पाणी मिळेपर्यंत. क्लब म्हणतो मच्छीमार संस्थेनं करावं, संस्था म्हणते पट्टा क्लबचा आहे. आमच्या मते हे काम क्लबचं, आणि काठी धरायला रोजावर एक मच्छीमार सोबत घ्यावा, कारण तळ कुठे कसा आहे ते त्यालाच ठाऊक असतं.